ई-मेल आणि कार्यालयीन पत्रव्यवहार : कोलकात्याच्या अनुभवाच्या आधारे

कार्यालयात लिहिल्या जाणाऱ्या पत्राचे हेतू दोन असतात. निरोप पोहोचविणे हा पहिला. आणि तो निरोप कोणी, कोणाला, कोणत्या अधिकाराने व केव्हा दिला ह्याची खूण मागे ठेवणे हा दुसरा. ई-मेलविषयी जे लिहिले-बोलले जाते ते बहुधा पहिल्या हेतूपुरते असते. पत्र क्षणार्धात जाते, खर्च वाचतो, एकाच वेळी शंभरांना पाठविता येते, हे सर्व खरेच आहे. परंतु पत्राच्या दुसऱ्या हेतूचे ह्या नव्या साधनात काय झाले, हा प्रश्न तितक्या आस्थेने विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात ह्याच अंगाचा विचार करावयाचा असून त्यासाठी कोलकाता शहराचा आधार घेतला आहे. तार, दूरध्वनी, संगणक व मोबाइल ही संज्ञापनाची साधने भारतीय कचेऱ्यांत शिरली ती अनेकदा ह्या शहरातून. आणि ई-मेलच्या एका साध्या वापरातून एका प्राध्यापकाला अटक होऊन जवळजवळ अकरा वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या, तेही ह्याच शहरात घडले.

दप्तरातील खुणा

मराठी वाचकाला पत्राचा दुसरा हेतू नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही, कारण तो त्याच्या भाषेतच मुरलेला आहे. पेशवेकालीन पत्राच्या आरंभी मायना असे. समोरच्या व्यक्तीची पायरी, तिच्याशी असलेले नाते व लिहिणाऱ्याचे स्वतःचे स्थान ही तिन्ही त्यातून कळत. पत्राच्या अखेरीस मोर्तब उमटे. त्याखाली मजकूर वाढविता येऊ नये, हा त्यामागचा व्यवहारी हिशेब होता. पत्र दप्तरी नोंदले गेल्याचा 'बार' हा शेरा त्यावर पडे आणि ते ज्याच्याकडे पोहोचे तो त्यावर पोहोचल्याची तारीख, म्हणजे पैवस्तगी, टाकून ठेवी. परंपरेने हेमाडपंताच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या 'मेस्तक' ह्या प्रकरणापासून पत्रलेखनाचे संकेत शिकविण्याची एक धारा मराठीत दिसते. आजही एखाद्या निर्णयावर 'शिक्कामोर्तब' होते, आणि महाराष्ट्रातील शासकीय कार्यालयात आवक-जावक टपाल नोंदविणाऱ्या शाखेस 'बारनिशी' म्हणतात. टपाल घेऊन आलेला माणूस पोचपावतीचा शिक्का मिळाल्याशिवाय खिडकीपासून हलत नाही. पत्र देणे आणि पत्र दिल्याची खूण घेणे ह्या दोन क्रिया त्याच्या दृष्टीने एकच असतात.

ह्या मराठी दप्तराचा कलकत्त्याशी संबंध फार जुना आहे. १८०० साली वेलस्लीने तेथे फोर्ट विल्यम कॉलेज स्थापन केले ते कंपनीच्या तरुण 'रायटरां'ना देशी भाषा शिकविण्यासाठी. येथे 'रायटर' म्हणजे लेखक नव्हे, कारकून. 'रायटर्स बिल्डिंग' ह्या नावाचा मराठीत हमखास होणारा गैरसमज टाळलेला बरा. ह्या कॉलेजात विल्यम केरी मराठी शिकवीत असत आणि त्यांनी १८०५ साली जवळच्या श्रीरामपूर येथून मराठी व्याकरण प्रसिद्ध केले. त्या व्याकरणास रोजच्या विषयांवरील संवाद जोडलेले होते, ही गोष्ट येथे विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. परक्या कारकुनाला बोलणे आणि लिहिणे दोन्ही शिकावे लागणार, आणि ही दोन निरनिराळी कौशल्ये आहेत, हे केरींनी गृहीत धरले होते. पुढे श्रीरामपूरच्या छापखान्यात मोडी लिपीचेही खिळे तयार झाले. मराठी दप्तराची लिपी मोडी असल्याने कंपनीच्या कारकुनाला तिची ओळख असणे भाग होते.

वेग आला, पुष्टी मागाहून आली

भारतातील विद्युत्-तारेचा पहिला मोठा प्रयोग १८३९ मध्ये कलकत्त्याजवळ झाला. कलकत्ता मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकविणारे विल्यम ओशॉनेसी ह्यांनी तो केला. त्यानंतर सुमारे एका तपाने कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तारवाहिनी उभी राहिली. तिच्या उभारणीत शिवचंद्र नंदी ह्या बंगाली साहाय्यकाचा मोठा वाटा होता. १८५५ मध्ये तार सर्वसामान्यांसाठी खुली झाली.

तारेने कार्यालयीन भाषेवर जो परिणाम केला तो सर्वपरिचित आहे : शब्दांना पैसे पडू लागताच मायना गळाला, क्रियापदे तुटली, आदरार्थी रूपे नाहीशी झाली. परंतु ह्याहून महत्त्वाची एक गोष्ट कचेऱ्यांनी केली. महत्त्वाची तार पाठविली की तिच्या पूर्ण मजकुराची सही केलेली प्रत टपालाने रवाना करावयाची, असा शिरस्ता पडला. तार कामाला लावी आणि टपालाची प्रत त्या कामाला आधार देई. तारेत अक्षर चुकू शकते, पाठविणारा तोतया असू शकतो, तारबाबूची नजर चुकू शकते, ह्या शंकांना दिलेले ते उत्तर होते. वेळेचाही घोळ होताच. १ जानेवारी १९०६ रोजी भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी कलकत्त्याने स्वतःची वेळ १९४८ पर्यंत व मुंबईने १९५५ पर्यंत चालू ठेवली. कलकत्त्याचे घड्याळ मुंबईच्या घड्याळापेक्षा तासाभराहून थोडे अधिकच पुढे होते. त्यामुळे 'सकाळी दहाला कळविले' ह्या वाक्याला कोणत्या शहरातील दहा, असा प्रतिप्रश्न संभवत होता.

जानेवारी १८८२ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे दूरध्वनी केंद्रे सुरू झाली. दूरध्वनीने लेखनच वगळले. तेव्हा कचेरीने दुसरा उपाय शोधला : दूरध्वनीवर झालेल्या बोलण्याची टिपणी नस्तीत ठेवावयाची. वरिष्ठांनी तोंडी आदेश दिल्यास कनिष्ठाने तो लगेच लिहून त्यांच्याकडून पुष्टी घ्यावी, हा नियम केंद्रीय सचिवालयाच्या कार्यपद्धतीत आजही आहे. ह्या नियमाकडे काहीजण लालफितीचे लक्षण म्हणून पाहतात. वस्तुतः त्याचा सर्वाधिक लाभ कनिष्ठाला होतो. तोंडी आदेशावर काम करून पुढे एकटा पडलेला कारकून कोणत्याही खात्यात आढळेल.

संगणकाचा इतिहासही ह्या शहरापासून सुरू होतो. प्रशांतचंद्र महालनोबीस ह्यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५५ मध्ये ब्रिटनहून आणलेले 'एचईसी-२एम' हे यंत्र देशातील पहिला संगणक मानले जाते. कचेरीत मात्र संगणकाचे स्वागत झाले नाही. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात आयुर्विमा महामंडळाने इलाको हाऊस ह्या इमारतीत संगणक बसविण्याचे ठरविले तेव्हा कर्मचाऱ्यांनी इमारतीवर पहारा ठेवून त्याला विरोध केला. प्रश्न नोकऱ्यांचा होता आणि त्या काळी तो निराधार म्हणता येणार नाही. पुढे ३१ जुलै १९९५ रोजी मुख्यमंत्री ज्योती बसू ह्यांनी कलकत्त्याहून दिल्लीतील केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम ह्यांच्याशी देशातील पहिले मोबाइल संभाषण केले. आणि अवघ्या पंधरा दिवसांनी, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, त्यातही कलकत्ता होतेच. संगणकाला इमारतीत शिरू न देण्याचा लढा ज्या शहरात झाला त्याच शहरात, तीस वर्षांच्या आत, ई-मेल ही कार्यालयीन गरज होऊ लागली. चहाच्या व्यापाराचे उदाहरण ह्या दृष्टीने बोलके आहे. १८६१ पासून कलकत्त्याच्या लिलावगृहात पुकारून चहा विकला जात असे. ह्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस त्या पुकाऱ्याची जागा संगणकाच्या पडद्याने घेतली. दलालाची मान हलणे, खरेदीदाराची भुवई उंचावणे, ही संज्ञापनाची अंगे त्यात लोपली आणि त्यांच्या जागी वेळेच्या शिक्क्यासह नोंदलेली बोली आली.

ई-मेल : पत्र की बोलणे?

तार आणि दूरध्वनी ह्यांच्या बाबतीत कचेरीला आपण कोणते साधन वापरतो आहोत ह्याची स्पष्ट जाणीव होती. ई-मेलच्या बाबतीत तशी नाही, आणि अडचणीचे मूळ येथे आहे. ई-मेल लिहिली जाते, पण बोलण्याच्या लयीत. 'बघतो', 'चालेल', 'करून टाका' अशी उत्तरे दिली जातात. लिहिणाऱ्याच्या मनात ते संभाषण असते. वाचणाऱ्याच्या यंत्रात तो दस्तऐवज होऊन बसतो. तार पाठविताना टपालप्रत जोडणारी कचेरी ई-मेलनंतर काहीच पाठवीत नाही, कारण ई-मेल हीच तार आणि तीच टपालप्रत, असे तिने न ठरविताच ठरवून टाकले आहे.

तांत्रिकदृष्ट्या पाहता ई-मेलमध्ये बारनिशीच्या साऱ्या खुणा आहेत. प्रत्येक ई-मेलच्या मजकुरावर एक शीर्षभाग असतो. वाचकाला त्यातील पाठविणारा, स्वीकारणारा, विषय व तारीख एवढेच सहसा दिसते. परंतु पत्र ज्या ज्या सर्व्हरवरून गेले त्यातील प्रत्येकाने आपली वेळ आणि ओळख त्यात नोंदविलेली असते. पैवस्तगीच ती, फक्त कारकुनाऐवजी यंत्राने टाकलेली. वेळेपुढे '+०५३०' असा आकडा असतो तो भारतीय प्रमाणवेळेचा. कोलकात्याहून रात्री पावणेबाराला निघालेले पत्र टोकियोतील वाचकाच्या पडद्यावर दुसऱ्या दिवसाची तारीख दाखविते; मुदतीच्या वादात हा आकडा निर्णायक ठरू शकतो. दुर्दैवाने पत्राची छापील प्रत काढताना नेमका हाच भाग वगळला जातो आणि नस्तीत उरतो तो केवळ मजकूर.

'बोलणे' म्हणून लिहिलेली ई-मेल 'पत्र' ठरते ह्याचे ठळक उदाहरण ट्रायमेक्स इंटरनॅशनल विरुद्ध वेदांत ॲल्युमिनियम हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निर्णय होय. बॉक्साइटच्या पाच जहाजभर मालाचा सौदा ऑक्टोबर २००७ मध्ये ई-मेलच्या देवघेवीतून ठरला. रीतसर करारपत्रावर सह्या व्हावयाच्या होत्या, त्या झाल्या नाहीत. पुढे एका बाजूने करारच झाला नाही अशी भूमिका घेतली. न्यायालयाने ती अमान्य केली. प्रस्ताव, त्याचा स्वीकार आणि आवश्यक अटी ई-मेलमधून स्पष्ट होत असतील तर करार पूर्ण होतो. रीतसर मसुदा मागाहून करावयाचा होता एवढ्याने तो अपूर्ण राहत नाही. खरेदी विभागात बसून 'कन्फर्म' हा एक शब्द टंकणाऱ्या कर्मचाऱ्याने मोर्तब केलेले असते, हा ह्या निर्णयाचा व्यवहारातील अर्थ आहे.

एका संस्थेच्या खात्यातून

करारातील वाद पैशाने मिटतो. जादवपूर विद्यापीठातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक अंबिकेश महापात्र ह्यांच्या वाट्याला आले ते निराळे होते. केंद्रातील रेल्वेमंत्री बदलल्याच्या राजकीय घडामोडीवर, सत्यजित राय ह्यांच्या 'सोनार केल्ला' चित्रपटाचा संदर्भ घेऊन केलेले एक व्यंगचित्र त्या वेळी सर्वत्र फिरत होते. महापात्र आपल्या सहकारी गृहसंस्थेचे पदाधिकारी होते. त्यांनी ते चित्र संस्थेच्या ई-मेल खात्यातून सभासदांकडे पाठविले. १२ एप्रिल २०१२ रोजी त्यांना अटक झाली; संस्थेच्या वयोवृद्ध सचिवांनाही झाली. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६-अ लावण्यात आले. जामीन लवकर मिळाला, पण खटला राहिला. राज्य मानवी हक्क आयोगाने त्याच वर्षी भरपाईची शिफारस केली आणि २०१५ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने ती देण्यास सांगितले. २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कलम ६६-अ घटनाबाह्य ठरविले. तरीही महापात्र आरोपमुक्त झाले ते जानेवारी २०२३ मध्ये.

ह्या प्रकरणाची चर्चा अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या संदर्भात पुष्कळ झाली आणि ती योग्यच होती. कलमच घटनाबाह्य ठरल्यावर अटकेच्या समर्थनार्थ फारसे काही उरत नाही. प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने मात्र त्यातील एक लहान बाब महत्त्वाची आहे. चित्र तयार करणारा दुसरा, पाठविणारी व्यक्ती एक आणि पाठविणारे खाते तिसऱ्याचे, म्हणजे संस्थेचे. चाळीच्या कट्ट्यावर किंवा पाड्यातील अड्ड्यावर तेच चित्र हातोहात फिरले असते तर ते कोणाकडून आले हे दुसऱ्या दिवशी कोणी सांगू शकले नसते. ई-मेलमध्ये 'फॉरवर्ड' करणे ही कृती अड्ड्याच्या सहजतेने होते आणि बारनिशीच्या काटेकोरपणाने नोंदली जाते. विनोद अड्ड्यावरचा होता. जावक क्रमांक संस्थेचा पडला. ह्याचा दोष महापात्रांकडे जात नाही. साधनच असे आहे की ते बोलणाऱ्याला लिहिणारा करून टाकते आणि त्याला तसे सांगत नाही.

पत्र, प्रत आणि पत्ता

कागदी पत्रव्यवहारात पत्र पदाला लिहिले जाई, माणसाला नव्हे. 'प्रति, कार्यकारी अभियंता' असे लिहिले की त्या खुर्चीवर कोणीही असो, पत्र योग्य ठिकाणी पोहोचे. ई-मेलचा पत्ता माणसाच्या नावाचा असला की ही व्यवस्था कोसळते. अधिकाऱ्याची बदली झाली की पत्रे त्याच्यामागे दुसऱ्या शहरात जातात, किंवा बंद झालेल्या खात्यात साचून राहतात. कोलकात्यात केंद्रीय उपक्रमांची व खात्यांची मुख्यालये बरीच आहेत. कोल इंडिया, दक्षिण-पूर्व रेल्वे, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही त्यांतील काही. देशभरातून, महाराष्ट्रातूनही, माणसे तेथे तीन-चार वर्षांसाठी येतात व जातात. अशा ठिकाणी ही अडचण नित्याची असते. केंद्र शासनाच्या २०१५ च्या ई-मेल धोरणाने पदनामाचा पत्ता व नावाचा पत्ता असे दोन वेगळे ठेवण्याचे सुचविले आणि बदलीच्या वेळी पदनामाचे खाते उत्तराधिकाऱ्याकडे सोपवावयास सांगितले, त्याचे कारण हेच. शासकीय कामासाठी खासगी सेवा वापरू नये, असेही त्या धोरणाने म्हटले. खासगी खात्यातील पत्र दप्तरात येत नाही. परंतु १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख अधिनियमातील 'अभिलेख' ह्या संज्ञेत संगणकाने निर्माण केलेले साहित्य मोडते, आणि २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने 'माहिती'च्या व्याख्येत ई-मेलचा नावाने उल्लेख केला आहे. म्हणजे जे दप्तरात नाही तेही मागितले जाऊ शकते, आणि सापडले नाही तर उत्तर द्यावे लागते.

प्रतीचा प्रश्न ह्याहून नाजूक आहे. ई-मेलमधील 'सीसी' ही कार्बन कागदाच्या काळाची आठवण. टंकलेखनाच्या काळात कार्बनने चार-पाच प्रती कशाबशा निघत, तेव्हा प्रत कोणाला द्यावी ह्याचा विचार आपोआप होई. मराठी पत्राच्या तळाशी 'प्रत माहितीसाठी सविनय सादर' आणि 'प्रत आवश्यक कार्यवाहीसाठी' असे दोन निरनिराळे शेरे असत. बंगाली कार्यालयीन पत्रातही 'अनुलिपि' अशीच तळाशी येते. पहिल्या शेऱ्यात वरिष्ठाला केवळ कळविले जाई, दुसऱ्यात कनिष्ठावर काम सोपविले जाई. 'सीसी'ने हा भेद पुसला. पंधरा जणांना प्रत गेली की पंधराही जण ती माहितीसाठी आहे असे समजतात. त्यातच 'सीसी'चा वापर दबावासाठी होतो : सहकाऱ्याला साधी आठवण करून देताना त्याच्या वरिष्ठाला प्रत लावली की त्या आठवणीची तक्रार होते. 'बीसीसी' म्हणजे इतर वाचकांना न दिसणारी प्रत. कार्यालयात तिचा उपयोग एकाच कामासाठी समर्थनीय वाटतो, तो म्हणजे अनेक अपरिचितांना एकच सूचना पाठविताना त्यांचे पत्ते एकमेकांना उघड होऊ नयेत म्हणून. उपाय अवघड नाही. मजकुराच्या पहिल्या ओळीतच काम कोणी करावयाचे त्याचे पदनाम लिहावे आणि उरलेल्यांसाठी 'माहितीसाठी' हा जुना शेरा तसाच ठेवावा.

विषय आणि संदर्भ ह्या कागदी पत्रातील दोन ओळींपैकी विषयाची ओळ ई-मेलने घेतली, संदर्भाची सोडली. जुन्याच ई-मेलला उत्तर देत देत नवा विषय त्यात घुसडण्याची सवय ह्यातून लागते. 'सभेची वेळ' ह्या विषयाखाली निविदेची मंजुरी सापडते आणि तीन वर्षांनी ती शोधणाऱ्याला सापडत नाही. एका ई-मेलमध्ये एकच विषय आणि नस्तीचा क्रमांक विषयाच्याच ओळीत, एवढी शिस्त पाळली तरी पुष्कळ साधते.

व्हॉट्सअ‍ॅपसारख्या साधनांनी बोलणे आणि पत्र ह्यांतील रेघ आणखी फिकट केली आहे. गटावर टाकलेला आदेश कोणी वाचला हे निळ्या खुणांवरून दिसते, पण तो आदेश होता की विचारणा, हे दिसत नाही. न्यायालयांनीही ह्याबाबत सरसकट भूमिका घेतलेली नाही. जून २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका वसुलीच्या प्रकरणात व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठविलेली नोटीस बजावली गेल्याचे मानले, कारण ती पोहोचली व उघडून पाहिली गेली हे खुणांवरून स्पष्ट होत होते. जानेवारी २०२५ मध्ये मात्र सर्वोच्च न्यायालयाने, पोलिसांनी हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपने बजावू नये, असे सांगितले. पहिल्या प्रकरणात प्रश्न पैशाचा होता आणि दुसऱ्यात माणसाच्या स्वातंत्र्याचा. त्यामुळे पैवस्तगीचा कस बदलला.

पुराव्याचा कागद

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या तेराव्या कलमात ई-पत्र 'केव्हा निघाले' व 'केव्हा पोहोचले' ह्याची व्याख्या आहे. पाठविणाऱ्याच्या नियंत्रणाबाहेरील यंत्रणेत ते शिरले की निघाले. स्वीकारणाऱ्याने नेमून दिलेल्या यंत्रणेत शिरले की पोहोचले. वाचले की नाही, हा प्रश्न तेथे नाही. 'मी मेल पाहिलीच नाही' हे कार्यालयातील लोकप्रिय उत्तर त्यामुळे फारसे टिकत नाही.

परंतु पोहोचलेली ई-मेल न्यायालयात दाखल करावयाची तर तिचा छापील कागद पुरत नाही. ह्या संदर्भातील महत्त्वाचा निर्णय महाराष्ट्रातूनच गेला आहे. जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीनंतर स्वीकारले गेले, असा आक्षेप होता आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रीकरणाचा. चित्रीकरण खरे असल्याचे प्रमाणपत्र मागूनही संबंधित अधिकाऱ्यांनी ते दिले नाही. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल ह्या नावाने गाजलेल्या ह्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये, मूळ यंत्रच न्यायालयासमोर आणलेले नसेल तर पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खालील प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे स्पष्ट केले. मात्र सर्व प्रयत्न करूनही ते मिळाले नाही तर पक्षकाराला अशक्य गोष्टीसाठी दंडित करू नये, असेही म्हटले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ही तरतूद कलम ६३ मध्ये आली आहे. तिच्या विहित नमुन्यात मजकुरावरून गणिताने काढलेला एक सांकेतिक आकडा, ज्याला 'हॅश' म्हणतात, नोंदवावा लागतो. मजकुरातील एक काना बदलला तरी हा आकडा बदलतो. मोर्तबाखाली अक्षर वाढविता येऊ नये म्हणून आपल्या पूर्वजांनी जी काळजी घेतली तिचेच हे आजचे रूप होय. हे काम लघुलेखक-टंकलेखकाच्या प्रशिक्षणात अद्याप बेताचेच शिरले आहे.

लिपीचा प्रश्न

मराठीतून कार्यालयीन ई-मेल लिहिणाऱ्याला वरील सर्व अडचणींबरोबर आणखी एक वारसा मिळाला आहे. प्रारंभीच्या काळात प्रत्येक कंपनीचा देवनागरी फॉन्ट निराळा आणि अक्षरांची सांकेतिक मांडणीही निराळी होती. पुण्याहून पाठविलेले पत्र कोलकात्यात उघडले की इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा रेंदा दिसे. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने ह्या क्षेत्रात मोठे काम केले, 'इस्की' हे भारतीय प्रमाणही १९९१ मध्ये आले. परंतु ई-मेलपुरता प्रश्न सुटला तो युनिकोडचा प्रसार झाल्यावर. तोवर मराठी माणसाला दोन सवयी लागल्या होत्या : मराठी मजकूर रोमन अक्षरांत लिहिणे, किंवा मराठी पत्र छापून, सही करून, त्याची प्रतिमा ई-मेलला जोडणे.

पहिली सवय खासगी पत्रांत चालेल. कार्यालयीन मजकुरात रोमन लिपीने ळ आणि ल, ण आणि न, ह्रस्व आणि दीर्घ ह्यांचा भेद जातो. 'दऱ्या' आणि 'दर्या' एकच होतात. राजभाषा नियम, १९७६ नुसार महाराष्ट्र 'ख' क्षेत्रात व पश्चिम बंगाल 'ग' क्षेत्रात येतो. कोलकात्यातील केंद्रीय कार्यालयाचा मुंबईशी होणारा पत्रव्यवहार हिंदी व इंग्रजीत चालतो. मराठी किंवा बंगालीला त्या व्यवहारात जागा कमीच. राज्य शासनांच्या कामकाजात ती जागा आहे, आणि तेथे दुसरी सवय अधिक अडचणीची ठरते. सही-शिक्क्यासह प्रतिमा जोडली की पत्र 'खरे' वाटते, हे समजण्याजोगे आहे. शिक्का डोळ्यांना दिसतो. परंतु प्रतिमेतील मजकूर यंत्राला साध्या शोधाने वाचता येत नाही. ज्या पत्रावर कार्यवाही अवलंबून आहे त्याचा मजकूर युनिकोड देवनागरीत ई-मेलमध्येच टंकावा, आणि सहीची प्रतिमा हवीच असेल तर ती सोबत जोडावी. केवळ प्रतिमा म्हणून पाठविलेले पत्र शोधयंत्राला सापडत नाही. आणि माहितीच्या अधिकारात मागितलेली पाच वर्षांपूर्वीची मंजुरी तीस दिवसांत हुडकावयास बसलेल्या कारकुनालाही नाही.